गोचीड कुत्र्याची, बंदोबस्त घराचा

कुत्र्याला गोचिडी झाल्या की पहिला दोष जातो गवताला. आमच्या खारघरात टेकडी पाठीशीच, त्यामुळे ‘फिरायला नेऊच नका त्याला!’ असा हुकूम घरोघरी सुटतो. पण मैत्रिणींनो, कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड आपल्या घरातच सुखाने नांदते, बरं का! रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते नि भिंतीच्या फटीत, कपाटामागे हजारो अंडी घालते. पिल्लं पुन्हा कुत्र्यावर! म्हणून नुसती त्याला आंघोळ घालून भागत नाही. त्याचं अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा, फटी बुजवून घ्या. औषध पशुवैद्यांना विचारूनच लावा. घरात मांजर असेल तर तेही सांगा. कुत्र्याची काही औषधं मांजराला विषासारखी असतात.

फिरून आल्यावर कान नि बोटांच्या बेचक्या पाहा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, नखाने चिरडणं तर नकोच.

खरी भीती टिक फीवरची. कुत्रा जेवत नाही, अंग तापतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. ‘ऊन लागलं असेल’ म्हणत थांबू नका, आणि मुलांची तापाची गोळी मनाने देऊ नका. रक्त तपासून वेळीच उपचार झाले तर बहुतेक कुत्री बरी होतात.

रेबीजची लस कुणी चुकवत नाही. पण उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पावसाळी पाण्यातून होणारा लेप्टो माणसांनाही होतो. त्याची लस टोचली आहे का, ते कार्डावर आजच पाहा.