यंत्रनिदान : जुन्या मोटारसायकलचा कार्ब्युरेटर

पावसाळ्याचे चार महिने पडवींत उभी राहिलेली मोटारसायकल दसऱ्यास पुजली जाते, आणि दुसरे दिवशीं कितीही लाथा मारल्या तरी चालूं होत नाहीं. लगेच घरांत दोन पक्ष पडतात. चिरंजीव म्हणतात, ‘भंगारांत द्या’. वडील मंडळींस तें रुचत नाहीं. वालावलीसारख्या गांवीं हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. कुडाळची शेवटची एस्. टी. निघून गेल्यावर कोणास रात्रीं डॉक्टरकडे न्यावयाचें झाल्यास लाल मातीच्या चढउतारावर हीच गाडी कामास येते.

येझदी व यामाहा आर. एक्स. १०० या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचें उत्पादन १९९६ सालीं थांबलें. येझदी हें नांव २०२२ सालीं पुन्हा बाजारांत आलें खरें, पण त्या नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच नाहीं.

कार्ब्युरेटर म्हणजे हवेंत पेट्रोलाचे तुषार मिसळणारें यंत्र. अरुंद गळ्यांतून हवा वेगानें गेली म्हणजे तेथील दाब उतरतो आणि खालच्या वाटींतील पेट्रोल जेटच्या छिद्रांतून वर ओढलें जातें. वजनानें एक भाग पेट्रोल व सुमारें साडेचौदा भाग हवा, हें त्याचें साधारण प्रमाण. उभ्या गाडीच्या वाटींतील पेट्रोल हळूहळू उडून जातें व मागें चिकट राळ उरते. ती छिद्रांत बसली कीं सर्व बिघडलें.

वैद्यानें नाडी पाहण्यापूर्वीं औषध देऊं नये, तद्वत् येथेंही. प्रथम टांकीच्या झांकणांतील हवेचें छिद्र आणि पेट्रोलचा नळ पाहावा. पुष्कळदां रोग तेथेंच असतो. नळीवाटे पेट्रोल सारखें ठिबकत असेल तर वाटींतील तरंगता फ्लोट किंवा त्याची सुई अडकली आहे. इंजिन चालूं होतें पण मंद गतीवर टिकत नाहीं, तर पायलट जेट बुजलेला; चढावर पूर्ण मूठ पिळतांच गुदमरतें, तर मुख्य जेट तपासावा. प्लगचें टोंक काजळलेलें असल्यास पेट्रोल अधिक, पांढुरकें असल्यास हवा अधिक.

जेटमध्यें तार खुपसणाऱ्या मिस्त्रीच्या हातीं गाडी देऊं नये. पितळ मऊ असतें. छिद्र केसभर रुंदावलें तरी प्रमाण कायमचें बिघडतें. जेट पेट्रोलांत भिजवून हवेच्या दाबानेंच फुंकावा. मंद गतीचा स्क्रू काढण्यापूर्वीं तो हलकेच आंत फिरवून किती फेरे झाले तें लिहून ठेवावें.

हवा अधिक झाल्याचा दोष मात्र सर्वांत घातक. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील जुनें रबर तडकलें कीं चोरवाटेनें हवा शिरते, पिस्टन तापतो, आणि भर वेगांत तो जखडला तर मागचें चाकच थांबतें. येझदींत तेल पेट्रोलांतच मिसळलेलें असल्यानें पेट्रोल कमी झालें कीं वंगणही कमी पडतें. आतां पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें ओलावा शोषतें व जुन्या रबरास बाधतें, म्हणून तें रबर दरसाल वांकवून पाहावें.

हें काम माजघरांत अथवा चुलीजवळ करूं नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड; जमिनीलगत सरपटत ती दूरच्या निखाऱ्यापर्यंत पोहोंचते. आणि येत्या मृगापूर्वीं नळ बंद करून, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवून, वाटी रिकामी करून ठेवावी.