विश्लेषण : इंजिन ‘धुणारे’ ऑइल जुन्या गाडीला मानवते का?

गाडी जुनी झाली, आवाज वाढला, घाटात दम लागू लागला की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : ‘इंजिन आतून साफ करणारे ऑइल टाका, गाडी नव्यासारखी पळेल.’ मोबाइलवर व्हिडीओ दिसतात, ऑनलाइन मागवले की बाटली घरपोच येते. खर्च इंजिन कामाच्या मानाने किरकोळ. पण ज्या गाडीसाठी ही बाटली घेतली जाते, तिलाच ती सर्वात जास्त नडू शकते.

हरसूलमध्ये हा प्रश्न वेगळा का?

त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हरसूल ही आसपासच्या पाड्यांची बाजारपेठ. नाशिक सुमारे ५० किलोमीटरवर, वाटेत वाघेरा घाट. ग्रामीण रुग्णालय गावात आहे, पण पुढच्या उपचारासाठी नाशिकच गाठावे लागते. अशा ठिकाणी दहा-पंधरा वर्षांची जीप, बोलेरो किंवा ओम्नी हौसेसाठी ठेवलेली नसते. तीच बाजाराला माणसे आणते, तीच भात-नागलीची पोती वाहते आणि वेळ आली तर रात्री पेशंटलाही तीच घेऊन जाते. शहरात गाडी बंद पडली तर रिक्षा मिळते. वाघेरा घाटात रात्री इंजिन जाम झाले तर काय, याचा हिशेब ऑइलच्या जाहिरातीत नसतो.

जुनी गाडी ठेवणेही आता स्वस्त राहिलेले नाही. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून थेट ५ हजारांवर गेले. एवढे भरून गाडी ठेवायची तर इंजिन शाबूत हवे, म्हणून मालक उपाय शोधतो. त्याचा शोध चुकीचा नाही. उपाय मात्र तपासून घेण्यासारखा आहे.

इंजिनात गाळ साचतो कसा?

पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा धूर, कच्चे इंधन आणि पाण्याची वाफ खाली ऑइलमध्ये उतरतेच. इंजिन नीट तापले तर वाफ ब्रीदरवाटे निघून जाते. पण गावातून पाड्यावर आणि पाड्यावरून गावात अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही. पाणी आत राहते, आणि इथला पाऊसही काही थोडाथोडका नसतो. याच्या उलट टोक घाटात : भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा ऑइल इतके तापते की ते जळून घट्ट व्हायला लागते. दोन्हींचा शेवट एकच, टॅपेट कव्हरखाली आणि चेंबरच्या तळाशी काळा, चिकट थर. ऑइल बदलायला जितका उशीर, तितका थर जाड.

हे फक्त निष्काळजी मालकाच्या गाडीत होते असेही नाही. अमेरिकेत १९९७ ते २००२ या काळातल्या टोयोटा आणि लेक्सस गाड्यांच्या काही इंजिनांत गाळाच्या इतक्या तक्रारी आल्या की सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी दुरुस्तीचा खर्च उचलण्याची योजना कंपनीला आणावी लागली.

सफाई ऑइल म्हणजे नेमके काय?

बाजारात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने खपतात. पहिली, इंजिन फ्लश. ही बाटली जुन्या ऑइलमध्ये ओतायची, इंजिन दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालवायचे आणि सगळे काढून टाकायचे. यात गाळ विरघळवणारे जोरकस द्रावक असते. दुसरी, रोजच्या वापराचे पण सफाईची ताकद वाढवलेले ऑइल. ते हळूहळू काम करते. अमेरिकेत व्हॅल्व्होलिनने २०२४ मध्ये या प्रकारचे ऑइल आणले, आणि त्याचा गुण सलग वापराने येतो असे कंपनी स्वतःच सांगते. दोन्हींना एकाच मापाने तोलू नये. खरा धोका मुख्यतः पहिल्या प्रकारात आहे.

शिवाय ‘सफाई’ ही काही खास बाटलीची मक्तेदारी नाही. कोणत्याही चांगल्या इंजिन ऑइलमध्ये मळ सोडवणारे आणि सुटलेला मळ बारीक कणांत तरंगता ठेवणारे घटक असतातच. डिझेल गाडीत नवे ऑइल काही दिवसांत काळे पडते, याचे कारणही बहुतेक वेळा हेच : काजळी तळाशी न बसता ऑइलमध्ये तरंगत असते. ‘काळे पडले म्हणजे ऑइल बोगस’ हा गॅरेजबाहेरच्या गप्पांतला निकाल त्यामुळे बरोबर नाही.

मग धोका कुठे आहे?

सुटलेला गाळ कुठे जातो, या एका प्रश्नात. चेंबरच्या तळाशी ऑइल पंपाच्या तोंडावर एक जाळी असते. तिथूनच सगळ्या इंजिनाला ऑइल जाते. वर्षानुवर्षे बसलेला थर पूर्ण विरघळला तर प्रश्न नाही. पण तो अनेकदा विरघळत नाही, खपल्यांसारखा सुटतो. खपल्या जाळीवर जाऊन बसल्या की पंपाचा घसा दाबला जातो. ऑइल पट्टीवर पातळी बरोबर दिसते, चेंबर भरलेला असतो आणि वर क्रँकची बेअरिंगे कोरडी फिरत असतात. टर्बो असेल तर त्याची ऑइलची नळी आणखी बारीक, तो आधी जातो. डॅशबोर्डवरचा लाल ऑइल दिवा दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो. तोपर्यंत बेअरिंगला जे व्हायचे ते बऱ्याचदा होऊन गेलेले असते.

फिल्टर आहे ना, असे वाटू शकते. पण तो जाळीच्या पुढे असतो, जाळीला वाचवत नाही. आणि फिल्टरच भरला तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून त्याची बायपास झडप उघडते. मग न गाळलेले ऑइल, सुटलेल्या मळासकट, थेट बेअरिंगकडे.

फ्लशचे उरलेले द्रावक हीदेखील छोटी गोष्ट नाही. चेंबर कितीही निथळला तरी थोडे जुने मिश्रण आत राहतेच आणि नवे ऑइल पातळ करते. झिजलेल्या इंजिनाला हाच पातळपणा सोसत नाही.

गळती अचानक का सुरू होते?

जुने रबरी सील कडक झालेले, कुठे चिरलेले असतात. त्या चिरा गाळानेच बुजवलेल्या असतात. गाळ गेला की गळती दिसू लागते, आणि मालक म्हणतो ऑइलने सील खाल्ले. खरे तर सील आधीच गेलेले होते. पण ज्याच्या अंगणात सकाळी ऑइलचा डाग पडतो, त्याला या फरकाचे समाधान नसते. सील बदलायला गिअर बॉक्स उतरवावा लागला, तर मजुरी बाटलीच्या किमतीच्या कितीतरी पट होते.

मग जुन्या गाडीचे करावे काय?

आधी पाहावे. ऑइल भरण्याचे झाकण काढून टॉर्च मारली तर बराच अंदाज येतो. आत तपकिरी, वार्निशसारखी झाक असेल तर घाबरण्यासारखे काही नाही. चमच्याने खरवडून निघेल असा काळा थर असेल तर कोणतीही बाटली ओतू नये. चेंबर खोलून जाळी हाताने साफ करून घ्यावी. हे काम वेळखाऊ आणि हात काळे करणारे आहे, पण त्यात मळ इंजिनाबाहेर जातो, इंजिनात फिरत नाही. सेकंडहँड गाडीचा इतिहास माहीत नसेल आणि मीटर बंद किंवा मागे फिरवलेला असेल, तर थर जाड आहे असेच धरून चालावे.

त्यानंतर महागड्या ऑइलची गरज नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे, मग ते १५डब्ल्यू-४० असो वा २०डब्ल्यू-४०, ओळखीच्या दुकानातून सीलबंद डब्यात घ्यावे. पहिले दोन-तीन बदल नेहमीच्या निम्म्या अंतरावर करावेत आणि प्रत्येक वेळी फिल्टरही बदलावा. साधे ऑइलही मळ काढते, फक्त सावकाश, आणि इथे तो सावकाशपणाच हवा आहे. ब्रीदरची नळी तुंबली असेल तर ती मोकळी केल्याशिवाय हे सगळे वाया. घाटात आणि छोट्या फेऱ्यांत चालणाऱ्या गाडीचा ऑइल बदल फक्त किलोमीटरवर ठरवू नये, पावसाळा संपल्यावर एक बदल ठरलेलाच असावा.

सफाई ऑइल कोणाला चालेल?

ज्या गाडीचे ऑइल सुरुवातीपासून वेळेवर बदलले आहे, झाकणाखाली थर नाही आणि फक्त रिंगा चिकटल्याने ऑइल थोडे कमी होते, तिथे हळू काम करणारे ऑइल, योग्य ग्रेडमध्ये मिळत असेल तर, वापरून पाहायला हरकत नाही. गंमत अशी की ज्याला ते चालते त्याला त्याची फारशी गरज नसते.

उरला प्रश्न काढलेल्या ऑइलचा. फ्लशमुळे तर ते द्रावकासकट बाहेर येते. कुंपणाच्या खांबांना चोपडणे किंवा गॅरेजमागे ओतणे ही जुनी सवय, आणि पहिल्याच पावसात ते ओहोळाला लागते. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवणाऱ्या गॅरेजलाच द्यावे आणि ऑइल बदलायला देण्याआधी मिस्त्रीला विचारून घ्यावे, हे जुने ऑइल तुम्ही टाकता कुठे?