सैतानाला दिलेले श्रेय

ब्लूज या अमेरिकी संगीताची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक एकाच जागेवरून सुरुवात करतात. मिसिसिपीच्या डेल्टा प्रदेशातला एक चौरस्ता, मध्यरात्रीची वेळ, हातात गिटार घेतलेला रॉबर्ट जॉन्सन आणि समोर सैतान. जॉन्सनने आत्मा विकला, बदल्यात अलौकिक वादन मिळवले आणि २७व्या वर्षी त्याची किंमत चुकवली. या कथेच्या आडून तीन मते पसरली आहेत. ब्लूज शिकावा लागत नाही, तो दुःखातून आपोआप फुटतो, हे पहिले. त्याचा खरा निर्माता म्हणजे एकटा भटका पुरुष, हे दुसरे. आणि डेल्टातली गिटार तेवढी अस्सल, बाकीचा ब्लूज बाजारू, हे तिसरे. ही तिन्ही मते खोटी आहेत आणि त्यांनी कष्टाळू कलावंतांचे श्रेय हिरावून घेतले आहे.

जॉन्सनच्या थोरवीबद्दल वाद नाही. १९३६ साली सॅन अँटोनियोत आणि १९३७ साली डॅलसमध्ये त्याने मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. खालच्या तारांवर पियानोवादकाच्या डाव्या हाताची चाल, वरच्या तारांवर गळ्याला उत्तर, आणि हे सारे एका गिटारवर. सुरुवातीला त्याचे वादन ऐकवत नसे आणि काही काळाने तो परतला तेव्हा ऐकणारे थक्क झाले, ही ब्लूज गायक सन हाउसची आठवणही मानू या. पण मधल्या काळात तो होता कुठे? मिसिसिपीतल्याच हेझलहर्स्ट परिसरात आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे तो शिकत होता. रात्री दोघे दफनभूमीत जाऊन वाजवत, कारण तिथे कोणाची झोपमोड होत नसे. याला आपल्याकडे रियाज म्हणतात. आत्मा विकल्याची कथा तर आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याच्या भावाने सांगितली होती. रॉबर्टच्या चौरस्त्यावरच्या गाण्यात सैतान येत नाही. तिथला माणूस गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो.

त्याचे दुसरे गुरू तबकड्यांत होते. ‘स्वीट होम शिकागो’मागे कोकोमो अर्नोल्डचे गाणे आहे, ‘३२-२० ब्लूज’मागे स्किप जेम्सचे, ‘लव्ह इन व्हेन’च्या सुरावटीमागे लेरॉय कारचे. कार हा इंडियानापोलिसचा पियानोवादक. १९२८ साली स्क्रॅपर ब्लॅकवेलच्या गिटारसोबत त्याने मुद्रित केलेले ‘हाउ लाँग, हाउ लाँग ब्लूज’ घरोघरी वाजले आणि ब्लूजमध्ये ओरडण्याऐवजी हळुवार बोलण्याची गायकी रुजली. कार तरुणपणीच वारला, पण त्याचा प्रभाव पिढ्यांवर पडला. दुसरा लॉनी जॉन्सन. न्यू ऑर्लिन्सचा हा गिटारवादक लुई आर्मस्ट्राँग आणि ड्यूक एलिंग्टन यांच्यासोबत वाजवत होता. एकेक सूर सुटा काढून गिटारला गायला लावण्याची त्याची रीत बी. बी. किंगने आपल्या घडणीत मानाने सांगितली आहे. हे दोघेही शहरातले व्यावसायिक होते. डेल्टाचा राजा म्हणवला गेलेला माणूस शहरातल्या गवयांकडून शिकला, मग शुद्धतेची सीमा कुठे आखायची?

एकट्या पुरुषाची कथा तर पहिल्याच पानावर कोसळते. १९२० साली मेमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ मुद्रित केले, ते धडाक्याने खपले आणि कृष्णवर्णीय श्रोता हा मोठा ग्राहक आहे हे कंपन्यांना तेव्हा उमगले. १९२३ साली बेसी स्मिथचे ‘डाउनहार्टेड ब्लूज’ गाजले. त्याचे शब्द अल्बर्टा हंटरचे, संगीत लव्ही ऑस्टिनचे. गाणारी, लिहिणारी आणि बांधणारी, तिघी स्त्रिया. मा रेनी तंबूंतल्या खेळांतून आली होती आणि तिने पॅरामाउंट कंपनीसाठी शंभराच्या आसपास गाणी गायिली. मेम्फिस मिनी तर गायिका आणि गिटारवादक, दोन्ही. १९२७च्या महापुरावरचे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ तिने १९२९ साली कॅन्सस जो मॅकॉयसोबत मुद्रित केले. लेड झेपेलिन या रॉक बँडमुळे ते जगभर पोचले, तिचे नाव मात्र पोचले नाही. १९४२च्या अखेरच्या रात्री शिकागोच्या क्लबात विजेची गिटार दणाणवणाऱ्या मिनीवर कवी लँग्स्टन ह्यूज यांनी लेख लिहिला, तेव्हा पुढे विजेच्या ब्लूजचे जनक म्हणवले गेलेले मडी वॉटर्स अजून मिसिसिपीतल्या मळ्यावरच होते.

मग ही कथा जुळवली कोणी? बव्हंशी गोऱ्या, शिकलेल्या रसिकांनी, आणि तीही प्रेमापोटी. १९३८ साली संगीत-निर्माते जॉन हॅमंड यांना कार्नेगी हॉलच्या कार्यक्रमात जॉन्सन हवा होता. तो वारल्याचे कळल्यावर त्यांनी बिग बिल ब्रून्झीला बोलावले आणि आर्कान्सॉचा शेतमजूर म्हणून रंगमंचावर आणले. ब्रून्झी तेव्हा शिकागोतला नामवंत ध्वनिमुद्रण-कलाकार होता. साधा, रांगडा माणूस पाहायचा म्हणून त्याची सारी कारकीर्द पुसली गेली. १९६१ साली जॉन्सनची गाणी लाँग-प्ले तबकडीवर आली आणि तरुण इंग्रज गिटारवादकांनी ती उचलली. तेव्हापासून दुर्मिळ ते अस्सल आणि लोकप्रिय ते हिणकस असे समीकरण ठरले. डेल्टातल्या लोकांची आवड मात्र वेगळी होती. १९४०च्या दशकाच्या आरंभी फिस्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी क्लार्क्सडेलमधल्या ज्यूकबॉक्समधली गाणी नोंदवली. त्यांत लुई जॉर्डन आणि काउंट बेसी होते, रॉबर्ट जॉन्सन नव्हता.

कोणी म्हणेल, दंतकथेमुळेच तर लोक ब्लूजकडे वळतात, तिने काय बिघडले? बिघडले ते असे. ज्याला कसब मानत नाहीत, त्याचा मोबदलाही देत नाहीत. लॉनी जॉन्सन १९५९ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात साफसफाई करताना सापडला. बेसी स्मिथच्या थडग्यावर १९७० पर्यंत नावाचा दगड नव्हता. ब्लूज गायक आर्थर क्रुडपच्या गाण्याने १९५४ साली एल्विस प्रेस्लीची कारकीर्द सुरू झाली, आणि क्रुडप १९७४ साली हक्काच्या रॉयल्टीची वाट पाहत वारला. दुःखातून आपोआप उगवलेल्या गाण्याला मालक कसला, असा हिशेब करणे व्यापाऱ्यांना सोपे गेले.

ब्लूज ही घडवलेली कला आहे. १२ बारांचे आवर्तन, एक ओळ, तिचीच पुनरुक्ती आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल. एवढ्या अरुंद जागेत नवे काही म्हणायला बुद्धी लागते, कान लागतो, वर्षानुवर्षांची मेहनत लागते. गुलामीनंतरच्या अन्यायाने या गायकांना विषय पुरवले, कला त्यांनी स्वतः कमावली. दुःख तर त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत लाखोंच्या वाट्याला आले होते, बेसी स्मिथ एकच झाली. म्हणून रॉबर्ट जॉन्सन जरूर ऐका, पण लेरॉय कार, लॉनी जॉन्सन, मा रेनी आणि मेम्फिस मिनी यांच्यानंतर ऐका. त्याचे मोठेपण तेव्हाच नीट कळेल, आणि ज्यांच्यामुळे तो मोठा झाला त्यांचे देणेही फिटेल.