घर कोणासाठी गहाण पडतं?

परदेशी शिक्षण हा स्त्री-चळवळीचा प्रश्न आहे असं म्हटलं की आपल्याच बैठकीत हशा पिकतो. ‘रेशन, पाणी, मारहाण सोडून आता विलायतेचं काय काढलंस?’ असं विचारलं जातं. ‘तो वरच्या वर्गातल्या मुलींचा प्रश्न, त्यांचं त्या बघतील,’ असंही कुणी म्हणतं. मला हे मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर लिहायला हवं.

घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात मी कुटुंब सल्ला केंद्राचं काम करते. नवऱ्याने टाकलेल्या, सासरी छळ झालेल्या बायका येतात, तशा गेली काही वर्षं आणखी एका प्रकारच्या मुली येऊ लागल्या आहेत. पदवी झालेली, दोन-तीन वर्षं नोकरी केलेली, परदेशातल्या विद्यापीठाचं एम.ए.चं किंवा एम.एस्सी.चं प्रवेशपत्र हातात, आणि घरात रोज भांडण. कुणाचे वडील बेस्टमधून निवृत्त झालेले, कुणाचे महापालिकेत कारकून, कुणाची आई पोळीभाजी केंद्र चालवणारी. या मुली वरच्या वर्गातल्या नाहीत. वरच्या वर्गातल्या मुलीला या कामासाठी आमच्या केंद्राची पायरी चढावी लागत नाही.

यांचं भांडण ऐकताना एक गोष्ट स्वच्छ दिसते. प्रवेश मिळतो तो मुलीच्या गुणांवर. पैसा मिळतो तो घरावर. आणि घर असतं बापाच्या किंवा भावाच्या नावावर.

बँकेचा व्यवहार कसा चालतो ते आधी पाहू. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. ४ ते साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो. साडेसात लाखांवर मालमत्ता तारण ठेवावी लागते. परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च साडेसात लाखांत बसत नाही, हे सांगायला नकोच. काही बँका निवडक नामांकित विद्यापीठांसाठी विनातारण कर्ज देतात. खाजगी वित्तसंस्थाही देतात, पण व्याज चढं, आणि सहकर्जदाराचा पगार भक्कम पाहिजे. ज्या घरात पगार बेताचा आणि मालमत्ता म्हणजे एकुलता एक फ्लॅट, तिथे सगळं येऊन थांबतं त्या फ्लॅटच्या कागदांपाशी. शिवाय पागडीची खोली असेल किंवा झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर असेल, तर बँक तारण म्हणून त्याकडे पाहायलाच नाखूश असते.

गंमत अशी, की अनेक बँका मुलींना व्याजात अर्ध्या टक्क्याची सवलत देतात. जाहिरातीत हसऱ्या मुलीचा फोटोही असतो. पण जिच्या नावावर भिंतीची एक वीट नाही, तिला कर्जच मंजूर होणार नसेल, तर अर्धा टक्का घेऊन तिने करायचं काय?

मुलुंडची एक मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वडील वारले तेव्हा ती कॉलेजात होती. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायचं म्हणून वडीलधाऱ्यांनी तिच्याकडून आणि थोरल्या बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. ‘आपल्याच घरात कसली वाटणी?’ असं म्हणून दोघींनी सह्या केल्या. घर आई आणि भावाच्या नावावर झालं. दोन वर्षांनी तेच घर गहाण ठेवून भाऊ एम.एस.साठी अमेरिकेला गेला. मग हिने समाजकार्यातच पुढे शिकायचं ठरवलं, इंग्लंडमध्ये प्रवेश मिळवला, आणि आईकडे विषय काढला. उत्तर मिळालं, ‘घर आधीच अडकलंय. आता तुझं लग्न करायचं की कर्ज काढायचं?’ या घरात कुणी खलनायक नाही. आई प्रेमळ आहे, भाऊ दर आठवड्याला फोन करतो. पण एका घरावर एक कर्ज निघतं आणि रांगेत पहिला उभा असतो मुलगा, मग तो वयाने धाकटा असला तरी.

कायदा काय म्हणतो? १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने, बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वकष्टार्जित घरात विधवा, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत अविवाहित मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली. केंद्राने २००५ मध्ये विवाहितेलाही तो हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या ऑगस्टमध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. हे कायदे आणण्यासाठी आपल्यातल्या किती जणी किती वर्षं झटल्या! पण उपनगरातला फ्लॅट बहुधा बापाने स्वतः हप्ते फेडून घेतलेला असतो. बाप जिवंत आहे तोवर त्यावर मुलीचा कायदेशीर दावा नाही, आणि बाप गेला की हक्कसोडपत्र तयारच असतं. म्हणजे मुलगी पंचविशीत असते, तिला तारणाची गरज असते, नेमका त्याच वेळी कायदा तिच्या हाती काही देत नाही.

जबाबदारीच्या बाबतीत मात्र कायद्याने मुलीला सूट दिलेली नाही. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली निकाल दिला, की विवाहित मुलीवरही बापाच्या पोटगीची जबाबदारी असते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही मुलगा-मुलगी असा भेद ठेवलेला नाही. मला हे योग्यच वाटतं. पण मग ‘मुलगी परक्याचं धन, तिच्यासाठी घर कसं गहाण ठेवायचं?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कुणाला उरतो? म्हातारपणी औषधाचा खर्च करताना ती परकी नसते. फक्त बँकेत सही करतानाच ती परकी ठरते.

मग यावर तोडगा निघतो तो ठरलेला: ‘तिकडचा मुलगा बघू. लग्न करून जा, मग हवं तेवढं शीक.’ तिच्या नावाने साठवलेलं सोनं, जे विद्यापीठाच्या फीसाठी कपाटातून निघालं नव्हतं, ते आता निघतं. हॉल ठरतो, जेवणावळी उठतात. आणि जी मुलगी स्वतःच्या नावाच्या विद्यार्थी व्हिसावर गेली असती, ती नवऱ्याच्या व्हिसाची शेपटी धरून जाते. अमेरिकेत एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या बायकांना २०१५पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती. त्यानंतर मिळाली तीही त्यांच्यातल्या काही जणींनाच. परदेशस्थ नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २००९ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाला त्यासाठी वेगळा कक्ष उघडावा लागला. या बायकांसाठी आपण धावतो आणि धावायलाच हवं. पण जी मुलगी स्वतःच्या बळावर जाऊ पाहते, तिच्यासाठी आपल्याकडे काय आहे? फसलेल्या बायकोसाठी आपलं केंद्र उघडं आणि जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनीला ‘हा आपला विषय नव्हे’, हा कुठला न्याय?

हा प्रश्न नवाही नाही. नाशकात जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून मुंबई इलाख्यात पहिली आली. त्या क्रमांकाला इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती असे. ती बाई म्हणून तिला नाकारली गेली. १८८९ साली ती ऑक्सफर्डला गेली ती तिकडच्या हितचिंतकांनी जमवलेल्या वर्गणीवर. त्याच वर्षी रखमाबाई लंडनला वैद्यक शिकायला गेल्या. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल ज्यांना ऐकवला गेला होता, त्याच या रखमाबाई. त्यांच्यामागेही घरचं तारण नव्हतं, वर्गणीच होती. पुढे १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा पहिल्या मानकरी ठरल्या दोन स्त्रिया: डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. देणाऱ्याने घराचे कागद न बघता माणूस बघितलं की काय होतं, याचा हा सव्वाशे वर्षांहून जुना पुरावा आहे. आणि सुधारकाच्या घरातही हे सहज होत नसे. स्त्रियांसाठी १९१६ साली विद्यापीठ काढणाऱ्या महर्षी कर्व्यांनी आपल्या सुनेच्या, इरावतीबाईंच्या, बर्लिनला जाण्याला विरोध केला होता. त्या गेल्या, कारण नवरा पाठीशी उभा राहिला. नवऱ्याने विरोध केला असता तर? पाठीशी उभं राहणाऱ्या पुरुषाच्या मर्जीवर जे अवलंबून असतं, त्याला हक्क म्हणत नाहीत.

आज सरकार काय करतं? अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५पासून आहे. तिच्या १२५ जागांपैकी ३० टक्के मुलींसाठी आहेत. पण २०२२ मध्ये तिच्यातून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास वगळण्यात आले. म्हणजे दलित मुलीने सरकारी पैशावर परदेशात जाऊन यंत्रं शिकावीत, पण आपल्याच वस्तीतल्या जातीचा आणि बाईपणाचा अभ्यास करू नये! २०२५-२६साठी १०६ जणांची निवड झाली आणि जुलैमध्ये त्यांपैकी फक्त ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रं मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर बघू असं सांगण्यात आलं. विद्यापीठाची मुदत निधीसाठी थांबत नसते. अल्पसंख्याकांसाठी परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना तर २०२२-२३पासून बंदच झाली. शिष्यवृत्तीला वयाची अट ३५ वर्षांखालची. मूल मोठं करून मग शिकायला निघालेल्या बाईचा विचार ही अट करतानाही कुणी केलेला नाही. तिकडचे देशही काही कमी नाहीत: ब्रिटनने जानेवारी २०२४पासून संशोधनाखेरीज इतर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत नेण्याची बंदी केली. पुरुष बायकोकडे मूल ठेवून जाऊ शकतो. बाईने मूल कुणाकडे ठेवायचं?

दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. पहिला, ‘इथल्या मुलीला बारावी पार करायची मारामार, आणि तुम्ही परदेशाच्या गप्पा मारता.’ बारावीला अडणारी मुलगी आणि प्रवेशपत्र हातात घेऊन अडणारी मुलगी एकाच उंबऱ्यावर अडतात. घरातला पैसा पहिल्यांदा कुणावर खर्चायचा, हाच तो उंबरा. दुसरा आक्षेप, ‘कर्ज बुडलं तर डोक्यावरचं छप्पर जाईल.’ ही भीती खरी आहे. तिकडे नोकरी मिळेलच याची खात्री नाही, अभ्यासक्रम संपून वर्षभराने हप्ते सुरू होतात, आणि ‘फुकट सल्ला’ देणारे एजंट बहुतेकदा विद्यापीठाकडून दलाली घेत असतात. प्रत्येकीने जावंच असं मी म्हणत नाही. मी इतकंच म्हणते, की जोखमीचा हिशोब मुलासाठी आणि मुलीसाठी एकाच वहीत मांडा. मुलाच्या वेळी जी ‘गुंतवणूक’ असते, ती मुलीच्या वेळी ‘उधळपट्टी’ कशी होते?

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत:

१. हक्कसोडपत्र हा विषय प्रत्येक शिबिरात घ्यावा. सही करण्यापूर्वी मुलीने केंद्रात येऊन कागद वाचून घ्यावा. ज्या घरात तिचा वाटा शाबूत आहे, ते घर तिच्या सहीशिवाय गहाण पडू शकत नाही, एवढं तरी तिला माहीत हवं.

२. महिला आर्थिक विकास महामंडळाने तारण नसलेल्या मुलींच्या शैक्षणिक कर्जाला हमी द्यावी, अशी मागणी आपण सगळ्या संघटनांनी मिळून करावी.

३. परदेशी शिष्यवृत्तीतून वगळलेले विषय परत आणावेत, निवड झालेल्या प्रत्येकीला मुदतीत पैसे मिळावेत, आणि स्त्रियांना वयाची अट शिथिल करावी.

४. उपनगरातल्या केंद्रांनी कर्ज, हप्ते आणि व्हिसाचे नियम यांची साधी मराठी पुस्तिका काढावी, म्हणजे मुलींना एजंटाच्या दारात जावं लागणार नाही.

पुस्तिकेचं काम आम्ही घाटकोपरला सुरू करत आहोत. ज्यांनी स्वतः हे कर्ज काढलं आहे, किंवा ज्यांना ते नाकारलं गेलं आहे, अशा मैत्रिणींनी आपला अनुभव मासिकाच्या पत्त्यावर लिहून कळवावा. बोरिवली-अंधेरीकडच्या गटांनीही आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा.