टेन्शनर खचला तर?

सायकलची साखळी सैल झाली की ती खडखडते आणि चढावर जोर लावला की नेमकी दात्यांवरून उतरते. आपण हात काळे करून ती पुन्हा चढवतो आणि पुढे जातो. दोन मिनिटे गेली, एवढेच. पण अशीच साखळी मोटारीच्या इंजिनाच्या पोटात सैल झाली तर काय होईल?

पोर्शे या जर्मन कंपनीने १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात एक गाडी मांडली. ती पुढे ९११ या आकड्याने जगभर गाजली. तिचे इंजिन हवेने थंड होणारे, त्यात तीन सिलिंडर डावीकडे व तीन उजवीकडे आडवे ठेवलेले. क्रँकशाफ्टखालच्या एका मधल्या दंडावरून दोन साखळ्या निघतात. त्या दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना फिरवतात आणि कॅमशाफ्ट झडपा उघडतात. क्रँकशाफ्ट मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला झाले १००. कॅमशाफ्टचे त्याच्या निम्मे, म्हणजे ५०. या धांदलीत झडप आणि दट्ट्या एकाच जागेत आळीपाळीने येऊन जातात. ही पाळी सांभाळते साखळी. ती काही दाते सरकली, तर उघड्या झडपेवर दट्ट्या आदळतो आणि झडप वाकते. इंजिन पूर्ण उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

म्हणून प्रत्येक साखळीला एक टेन्शनर दिलेला असतो. जुन्या ९११ मध्ये तो म्हणजे तेल भरलेली एक बंद डबी होती. आतली स्प्रिंग एका दांड्याला बाहेर ढकले, दांडा एका दातेरी चाकाला रेटे आणि चाक साखळीला ताणून धरी. साखळीने उलट धक्का दिला, तर आतले तेल दांड्याला झटकन मागे येऊ देत नसे. कल्पना सुरेख होती, पण सगळी भिस्त त्या चमचा-दोन चमचे तेलावर! सील झिजले, तेल पाझरले की दांडा खचे आणि साखळी मोकळी होई.

यावर निघालेला एक उपाय मला फार आवडतो. दांड्यावर धातूचे एक कडे घट्ट आवळायचे. तेल गेले तरी कडे डबीच्या तोंडाशी अडते आणि दांडा त्यापुढे आत जाऊ शकत नाही. साखळी थोडी सैल पडून वाजते, पण दाते सोडत नाही.

काही जाणकार या कड्याला नाक मुरडतात. त्यांच्या मते हा मूळ रोगावरचा इलाज नव्हे आणि मालक त्याच्या भरवशावर दुरुस्ती लांबवतो. यातले पहिले म्हणणे खरेच आहे. दुसरे मात्र कड्याचा दोष नसून मालकाचा आहे. ‘हा भाग बिघडणारच नाही’ असे मानून यंत्र रचण्यापेक्षा ‘बिघडला तर पुढे काय?’ हा प्रश्न आधी विचारलेला बरा. पहिल्या आराखड्यात या प्रश्नाला उत्तर नव्हते. हे कडे ते देते.

मात्र कडे लावतानाही विज्ञान विसरून चालत नाही. इंजिनाचे सांगाडे ॲल्युमिनियमचे, काही वर्षे तर मॅग्नेशियमचे होते, आणि साखळी पोलादी. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. समजा, अंतर ३०० मिलिमीटर आहे आणि तापमान ८० अंश सेल्सियसने वाढले. तर ॲल्युमिनियम सुमारे ०.५५ मिलिमीटर वाढेल, पोलाद सुमारे ०.२९. म्हणजे तापलेल्या इंजिनात साखळी अधिक ताणली जाते आणि दांड्याला थोडे आत सरकावे लागते. थंड इंजिनात कडे डबीला टेकवूनच बसवले, तर ही सवलत संपली. रक्षणासाठी लावलेले कडेच मग साखळीला आणि दात्यांना झिजवू लागेल! (शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे, प्रसरणगुणांक पाठ्यपुस्तकात आहेतच.)

कारखान्याचा पक्का उपाय १९८४ च्या गाड्यांबरोबर आला. बंद डबीऐवजी इंजिनाच्या पंपाचे तेल बारीक नळीने सतत टेन्शनरला पोचू लागले. पुष्कळ जुन्या गाड्यांवर पुढे हेच टेन्शनर चढवले गेले. मला विचाराल तर जुन्या इंजिनाला हेच टेन्शनर लावावेत. ते जमेपर्यंत कडे असावे, योग्य फट ठेवून. आणि त्या काळात मागून खडखडाट ऐकू आला, तर रेडिओचा आवाज न वाढवता गाडी बाजूला घ्यावी.