दुरूनच साजरे

घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खोगीर, लगाम आणि टांगा उभा राहतो. परंतु मंगोलिया देशात हुस्ताई नावाचे डोंगर आहेत. तेथील घोड्यांना ह्यांपैकी कशाचीच ओळख नाही. राजधानी उलानबातरपासून सुमारे शंभर किलोमीटरांवरील ह्या डोंगरांत रानघोड्यांचे कळप मोकळे हिंडत असतात. मंगोल लोक त्यांस ‘तखी’ म्हणतात. इतर जग त्यांना निकोलाय प्रझेवाल्स्की ह्या रशियन प्रवाशाच्या नावाने ओळखते. बांधा ठेंगणा पण भरदार, रंग वाळल्या गवतासारखा पिवळसर, तोंडाचा शेंडा पांढुरका आणि आयाळ ब्रशासारखी ताठ उभी, असे त्यांचे रूप आहे.

वसंत ऋतूत ह्या घोड्यांची छायाचित्रे काढण्यास दूरदूरचे लोक येतात. उतारांवर कोठे कोठे अजून बर्फ साचलेला असतो आणि नव्या गवताची पाती नुकतीच डोकावू लागलेली असतात. ह्याच दिवसांत शिंगरे जन्मास येऊ लागतात. जन्मल्यावर तासाभरातच शिंगरू लटपटत्या पायांवर उभे राहते. असे दृश्य जवळून टिपण्याचा मोह कोणाला होणार नाही? माझे म्हणणे इतकेच की, हा मोह ज्याला आवरता येतो, त्यानेच तेथे जावे.

वसंत आपल्याला सुखाचा वाटतो. पण त्या प्रदेशात तो जनावरांच्या कसोटीचा काळ असतो. झोंबरे वारे वाहत असतात, अवचित बर्फही पडतो. दीर्घ हिवाळ्याने घोडी रोडावलेली असते आणि त्यातच तिला शिंगराला पाजायचे असते. लांडगे तर टपूनच असतात. अशा वेळी माणूस जवळ आला की कळप चरणे सोडून माना वर करतो आणि तो आणखी पुढे सरकला की पळू लागतो. चरण्याची वेळ जाते, अंगातले बळ जाते आणि इवले शिंगरू मागे पडण्याचे भय असते. छायाचित्रकार म्हणतो, ‘मी एकच पाऊल पुढे टाकले.’ परंतु त्याच्या मागून येणाराही एकच पाऊल टाकतो आणि त्याच्या मागचाही. प्रत्येक माणसाला आपले एक पाऊल दिसते. घोडीला ती सगळी मोजावी लागतात.

माणूस ह्या शिंगरांच्या मागे लागला, तो काही आजच नव्हे. १९०० च्या सुमारास युरोपातील धनिकांना व प्राणिसंग्रहालयांना हे घोडे हवेसे झाले. मोठा घोडा हाती लागेना, म्हणून शिंगरांवर डोळा ठेवण्यात आला. घोडेस्वार कळपाचा पाठलाग करीत; शिंगरू दमून मागे पडले की त्याला फासात धरीत. आड येणारी मोठी जनावरे कित्येकदा मारली जात. १९०१ साली अशी २८ शिंगरे जर्मनीतील हाम्बुर्ग शहरी जिवंत पोहोचली. बाकीची वाटेतच दगावली. पुढे शिकार, गुरांची वाढती संख्या आणि खडतर हिवाळे ह्यांमुळे रानातील तखी घटत गेले आणि १९६९ नंतर तेथे एकही दिसेना. प्राणिसंग्रहालयांत मात्र पकडलेल्यांपैकी जेमतेम डझनभरांचा वंश टिकून होता. त्या वंशातील घोडे १९९२ साली हुस्ताईला परत आणण्यात आले. आज तेथे त्यांची संख्या काही शेकड्यांत आहे.

‘मग पकडले म्हणूनच वाचले ना?’ असे कोणी विचारील. ते खोटे नाही. परंतु पकडणाऱ्यांना वंश वाचवायचा नव्हता, हौस भागवायची होती. वंश वाचला तो नंतरच्या पिढ्यांच्या चिकाटीने. इतक्या कष्टांनी जे परत मिळाले, त्याच्यामागे पुन्हा आपली हौस लावू नये.

छायाचित्राचे मोल मी कमी मानीत नाही. एकेक घोडा ओळखून ठेवण्यास अभ्यासकांना त्याचा उपयोग होतो. ज्यांना मंगोलियास जाणे घडणार नाही, त्यांना घरबसल्या तखी दिसतो. म्हणून छायाचित्रे अवश्य काढावीत, पण कळपाने मान वर करताच आपण फार जवळ आलो असे समजावे आणि मुकाट्याने मागे सरावे. लांबचे टिपणारे भिंग जवळ नसेल, तर चित्रात घोडे बोटभरच येतील आणि भोवती डोंगर व आकाश दिसेल. दिसू द्यावे. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण एरवी थट्टेने वापरतो. येथे ती सरळ अर्थानेच खरी आहे.

ज्या चित्रात शिंगरू आईला लुचत आहे आणि आईची मान निवांतपणे गवतात आहे, त्याच चित्राला मी उत्तम म्हणेन. कारण ते काढणारा तेथे येऊन गेला, हे त्या घोडीला कळलेसुद्धा नाही.