कांद्यांतील पीतद्रव्य व स्तनाचा कर्करोग

वनस्पतींतील द्रव्य निरुपद्रवीच असावयाचें, ही समजूत आपल्या घराघरांत रूढ आहे. त्यामुळें कांदा, सोयाबीन वा चहा यांतील द्रव्यांनीं स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात असें वृत्त वाचनांत आलें कीं, काढा उकळावयास विलंब लागत नाहीं. त्या वृत्तांत तथ्य किती, हें या खेपेस पाहूं.

या द्रव्यांना फ्लॅव्होनॉइड म्हणतात. लॅटिन भाषेंत 'फ्लाव्हुस' म्हणजे पिवळा. त्यावरून हें नांव पडलें. कांद्यांत क्वेर्सेटिन असतें, सोयाबीनमध्यें जेनिस्टीन. १९३६ सालीं हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ग्योर्गी व त्यांचे सहकारी यांनीं अशा द्रव्यांस 'जीवनसत्त्व पी' म्हटलें होतें. पण तीं जीवनसत्त्वें नव्हेत असें पुढें ठरलें व तें नांव मागें पडलें.

कर्करोगावरील प्रयोगांत बहुधा 'एमसीएफ-७' नांवाच्या पेशी वापरतात. अमेरिकेंत डेट्रॉइट येथें एका वृद्ध ख्रिस्ती संन्यासिनीच्या छातींतील द्रवांतून मिळालेल्या या पेशींचें वर्णन १९७३ सालीं प्रसिद्ध झालें. ती बाई निवर्तली. तिच्या पेशींचा वंश मात्र कांचपात्रांत आजहि वाढत आहे. त्यांवर क्वेर्सेटिन घातलें असतां त्यांचें विभाजन मंदावतें व पुष्कळ पेशी नाश पावतात, हें खरें आहे. परंतु कांचपात्र म्हणजे देह नव्हे. पोटांत गेलेल्या क्वेर्सेटिनचें आंतड्यांत व यकृतांत रूपांतर होतें. मूळ रूपानें रक्तांत उरतें तें अत्यल्प. प्रयोगांतील मात्रा त्याच्या अनेक पटींनीं अधिक असते.

जेनिस्टीनचें उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. त्याची रचना स्त्रीदेहांतील इस्ट्रोजेनशीं मिळतीजुळती आहे. मोठ्या मात्रेंत तें याच पेशींची वाढ रोखतें, तर अल्प मात्रेंत ती वाढवितें! आहारांतील सोयाबीनला भिण्याचें कारण नाहीं. परंतु रुग्ण स्त्रीनें त्याच्या अर्काच्या गोळ्या डॉक्टरांस न विचारतां घेऊं नयेत.

वनस्पतींत औषध नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. यू वृक्षाच्या सालींत सांपडलेलें टॅक्सॉल हें फ्लॅव्होनॉइड नव्हे, पण तें आज या रोगावर दिलें जातें. ती साल १९६२ सालीं गोळा झाली. औषध म्हणून अमेरिकेंत प्रथम मान्यता मिळावयास १९९२ साल उजाडलें. कसोटीस तीस वर्षें लागलीं.

रोग्याच्या हातीं इतका अवधि नसतो. मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनीं १९९८ पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित सेविकांनीं दर दोन वर्षांनीं हातानें तपासणी केली. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, तपासणी झालेल्यांत रोग लौकर उमगला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्यानें होणारे मृत्यु सुमारें तीस टक्क्यांनीं घटले.

सुरुवातीची गांठ बहुधा दुखत नाहीं. म्हणूनच ती संकोचानें लपविली जाते. एकत्र कुटुंबांत तर सून सासूशीं बोलावयास लाजते आणि सासू मुलाशीं. बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. परंतु तो निर्णय काढ्यानें होत नाहीं, तपासणीनेंच होतो. ज्यांच्या घरीं कांदा चातुर्मासांत वर्ज्य आहे, त्यांनीं या वृत्तानें तो नेम मोडण्याचें कारण नाहीं. घरांतील वडील स्त्रियांनीं मात्र मुलीसुनांस हा प्रश्न आपण होऊन विचारावा, आणि स्वतःची गांठहि लपवूं नये.